चारा म्हणजे कुरण नव्हे

उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोच्या परिसरात नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. त्या दीर्घ अंधारासाठी रेनडिअरचा डोळा स्वतःला बदलून घेतो. मांजराच्या डोळ्यात रात्री जो थर चमकतो, तसाच परावर्तक थर रेनडिअरच्या डोळ्यातही पडद्यामागे असतो. उन्हाळ्यात तो सोनेरी असतो आणि हिवाळ्यात गडद निळा होतो. या बदलाचे कारण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने उलगडले. बाहुली महिनोन्‌महिने विस्फारलेली राहिल्याने डोळ्यातला दाब वाढतो, त्या थरातले तंतू एकमेकांजवळ सरकतात आणि परावर्तित प्रकाशाचा रंग पालटतो. नजर थोडी अस्पष्ट होते, पण अंधुकातला प्रकाश टिपण्याची तिची शक्ती कितीतरी वाढते. या प्राण्याला अतिनील किरणही दिसतात, हे त्याच्या दोन वर्षे आधी सिद्ध झाले होते. बर्फ हे किरण परतवतो. जमिनीवरचे शैवाक (लायकेन) आणि लांडग्याची लोकर मात्र ते शोषून घेतात. म्हणून जिथे माणसाला सगळे पांढरेच दिसते, तिथे रेनडिअरला त्याचे खाद्यही गडद दिसते आणि त्याचा शत्रूही.

याच डोळ्याला एक सांसर्गिक आजार होतो, आणि या लेखाचा विषय तो आजार आहे. सुरुवातीला डोळ्यातून पाणी वाहू लागते आणि गालावरच्या केसांवर तपकिरी ओघळ उमटतो. मग पापण्या सुजतात, पू येतो, बुबुळ निळसर पांढरे होऊ लागते. आपल्याकडे ज्याला ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात, तशी ही अवस्था असते. काही जनावरे येथून आपोआप बरी होतात. ज्यांच्या बुबुळावर व्रण पडतो, त्यांचा व्रण खोल गेला तर बुबुळ फुटते आणि डोळा कायमचा जातो. आजार प्रामुख्याने वासरांना आणि वर्ष-दीड वर्षाच्या लहान जनावरांना होतो. दोन्ही डोळे गेलेले वासरू बर्फाखालचे खाद्य शोधू शकत नाही, कड्यावरून घसरते, कळपामागे पडते आणि लिंक्स किंवा वूल्व्हरीनच्या तावडीत सापडते. हे कळप पाळतात ते मुख्यतः सामी, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी. सामी भाषेत कळपाला ‘एआल्लू’ म्हणतात आणि जगण्याला ‘एआल्लिन’. या दोन शब्दांचे नाते सामी लोक स्वतः आवर्जून सांगतात. वासरांची पिढी खचणे म्हणजे काय, हे समजायला तेवढे नाते पुरेसे आहे.

स्वीडनमध्ये या आजाराचे वैद्यकीय वर्णन १९१२ साली झाले, म्हणजे तो नवा नाही. नवी आहे ती त्याच्या कारणांची समज, आणि तीच मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यातून या प्रश्नाची जबाबदारी कुणाची, हेही ठरते. पूर्वी पुवात सापडणाऱ्या जिवाणूंवर संशय होता. गेल्या काही दशकांत नॉर्वेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की आजाराची सुरुवात बहुधा एका नागीणवर्गी विषाणूपासून, म्हणजे हर्पिसच्या कुळातल्या, रेनडिअरच्या स्वतःच्या विषाणूपासून होते. प्रयोगात ज्या जनावरांच्या डोळ्यात हा विषाणू घातला ती आजारी पडली. ज्यांच्या डोळ्यात केवळ मोराक्सेला हा जिवाणू घातला ती निरोगी राहिली. विषाणू आधी बुबुळाचे आवरण खराब करतो आणि मग जिवाणू त्या जखमेत शिरून ती चिघळवतात. स्वीडनमधल्या काही कळपांत क्लॅमिडिया गटातले जिवाणूही आढळले आहेत, त्यामुळे प्रत्येक साथीचे कारण एकच असेल असे कुणी म्हणत नाही.

या कुळातल्या विषाणूंची एक खोड माणसालाही ठाऊक आहे. ताप येऊन गेल्यावर ओठांवर पुन्हा पुन्हा उठणारे फोड याच कुळातल्या विषाणूमुळे येतात, आणि ते जातात तेव्हा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो. रेनडिअरमध्येही तसेच घडते. प्रौढ जनावर वरून निरोगी दिसते आणि विषाणू बाळगत राहते. त्याच्यावर ताण आला, प्रतिकारशक्ती ढासळली, की विषाणू जागा होतो आणि नाकाडोळ्यांच्या स्रावातून बाहेर पडू लागतो. कॉर्टिझोनसारखे औषध देऊन, म्हणजे ताणाची शारीरिक अवस्था मुद्दाम निर्माण करून, दडलेला विषाणू जागा करता येतो, हे प्रयोगातही दिसले आहे. एवढ्या माहितीवरून साथीचे साधे गणित मांडता येते. विषाणू कळपात आहेच. साथ येण्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात: ताणाखालची प्रौढ जनावरे आणि त्यांच्या नाकाशी नाक लावून उभी असलेली, पूर्वी लागण न झालेली वासरे. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची हमखास जागा म्हणजे कुंपणाच्या वाड्यातली गव्हाण.

मग प्रश्न असा येतो, की विस्तीर्ण माळावर पांगून चरणारा हा प्राणी वाड्यातल्या गव्हाणीवर आला कसा.

रेनडिअरचे हिवाळ्यातले मुख्य अन्न म्हणजे जमिनीवर गालिच्यासारखे पसरणारे शैवाक. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे ते दूरचे भाईबंद. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते आणि एकदा उखडले गेले, की पूर्ववत व्हायला दशके लागतात. हे शैवाक बर्फाखाली असते, आणि रेनडिअर खुराने बर्फ उकरून त्याच्यापर्यंत पोहोचतो. सामी भाषेत यासाठी ‘ग्वोहतुन’ असा एक शब्द आहे. बर्फाखालचे खाद्य आणि ते जनावराच्या तोंडी लागेल अशी बर्फाची स्थिती, हे दोन्ही मिळून ग्वोहतुन होते. नुसते शैवाक असून उपयोग नाही आणि नुसता भुसभुशीत बर्फ असूनही नाही. कुरणाची इतकी नेमकी व्याख्या ज्या भाषेने केली आहे, त्या भाषेतल्या पशुपालकांना ‘कुरण कमी झाले तर चारा विकत घ्या’ असे सांगणे किती उथळ आहे, हे त्या एका शब्दावरून कळते.

ग्वोहतुन दोन्ही बाजूंनी ढासळत आहे. आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला आहे. ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, तो बर्फात झिरपून गोठतो आणि जमिनीवर बर्फाचे असे कवच बसते, की खूर त्यावरून नुसता घसरतो. रशियाच्या यमाल द्वीपकल्पात नोव्हेंबर २०१३ मध्ये असे कवच बसले, तेव्हा सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. ही झाली हवामानाची बाजू. जमिनीची बाजू तितकीच गंभीर आहे आणि तिच्यासाठी आभाळाकडे बोट दाखवता येत नाही. स्वीडनमधली शैवाकाने समृद्ध असलेली जंगले साठ वर्षांत ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. दाट लागवडीच्या व्यापारी वनशेतीत जमिनीवर ऊन पोहोचत नाही आणि शैवाकाच्या जागी शेवाळ व झुडपे माजतात. याच्या जोडीला खाणी आल्या, धरणे आली, रस्ते आले, पवनचक्क्या आल्या. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांपासून रेनडिअर दूर का राहतात, याचे एक संभाव्य कारणही त्यांच्या डोळ्यात सापडले आहे. तारांवर अधूनमधून उमटणारे अतिनील झोत आपल्याला दिसत नाहीत, रेनडिअरला मात्र ते अंधारात दिसत असणार, असे संशोधकांनी २०१४ मध्ये मांडले. म्हणजे नकाशावर मनोऱ्याखालची चार हात जमीन गेलेली दिसते. कळपाच्या दृष्टीने त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा मोठा पट्टा जातो.

अशा रीतीने कुरण आकसले, की पशुपालकापुढे दोनच मार्ग उरतात: जनावरे उपाशी मरू देणे किंवा वाड्यात घेऊन गोळीपेंड, वाळलेले गवत आणि मुरघास घालणे. तो दुसरा मार्ग धरतो, आणि धरायलाच हवा. २०२० चा हिवाळा उत्तरेकडे फार कठीण गेला. बर्फ इतका खोल आणि टणक होता, की सरकारी मदतीने चारा पोचवावा लागला. त्या चाऱ्याने हजारो जनावरे जगली. चारा घालण्याच्या विरोधात मी नाही, हे येथेच सांगून ठेवतो. फिनलंडमध्ये तर हिवाळी खाद्य हा आता व्यवसायाचाच भाग झाला आहे. तिथे ५४ पशुपालक संघ आहेत, देशाने एकूण २,०३,७०० जनावरांची मर्यादा घातली आहे, आणि अनेक कळप दर हिवाळ्यात गव्हाणीवर येतात. तिथले पशुपालक सांगतात, की माणसाळलेले जनावर हाताळायला सोपे जाते, परजीवींवरचे औषध देता येते, आजार लवकर दिसतो. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु आणीबाणीचा उपाय आणि कायमची व्यवस्था यांत फरक असतो. चाऱ्याला कुरणाचा पर्याय ठरवले, की त्या निर्णयाबरोबर आजारही कळपात शिरतो, आणि त्याची किंमत निर्णय घेणाऱ्याला द्यावी लागत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. आजार १९१२ साली होता, तेव्हा ना पवनचक्क्या होत्या ना गोळीपेंड; मग त्याचा दोष आजच्या भू-वापराला कसा द्यायचा? या आक्षेपाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या पशुपालनातच आहे. त्या काळी सामी कुटुंबे रेनडिअरचे दूध काढत. त्यासाठी उन्हाळ्यात माद्या आणि वासरे वारंवार वाड्यात आणली जात. चिखल, शेण आणि गर्दी यांत ती तासन्‌तास उभी राहत. खुरांना सडवणारा एक जिवाणूजन्य रोग तेव्हा कळपांचा मोठा शत्रू होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दूध काढणे थांबले, कळप मोकळे चरू लागले, आणि तो रोग जवळजवळ दिसेनासा झाला. त्याच्यावर लस निघाली नव्हती. तो हटला तो मुख्यतः गर्दी हटल्यामुळे. आता गव्हाणी आल्या आणि त्याच जिवाणूचा तोंडातला प्रकार पुन्हा दिसू लागला आहे. नॉर्वेत चारा घातलेल्या कळपांत डोळ्यांचा आजार, तोंडावर खपल्या आणणारा देवीवर्गी आजार आणि हा तोंड सडवणारा आजार आढळल्याचे वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये १९९२-९३ च्या हिवाळ्यात त्या देवीवर्गी आजाराने सुमारे ४०० जनावरे दगावली होती. म्हणून १९१२ चा दाखला माझ्या मते आक्षेपाला बळ देत नाही. तो काळही गर्दीचा होता, आणि गर्दी गेल्यावर काय झाले, हेही आपल्याला माहीत आहे.

अर्थात, एवढ्यावरून कुरण परत मिळाले की डोळ्यांचा आजार संपेल, असा दावा करता येणार नाही. मोकळ्या चरणाऱ्या कळपांतही तो दिसतो. जनावरे मोजायला, कानांना खुणा करायला, कत्तलीसाठी निवडायला वाड्यात आणावीच लागतात, आणि ट्रकमधून दूरच्या कुरणावर नेण्याचाही ताण असतोच. विषाणू कळपातून हटणार नाही. पण तुरळक जनावरे आजारी पडणे आणि वासरांच्या अख्ख्या पिढीत आजार पसरणे, यांतले अंतर बहुतांशी माणसाच्या निर्णयांनी ठरते, आणि सार्वजनिक धोरणाचा संबंध त्या अंतराशी आहे.

हा मुद्दा एका मोठ्या न्यायालयीन लढ्यात स्पष्टपणे पुढे आला आहे, आणि त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. मध्य नॉर्वेच्या फोसेन द्वीपकल्पात स्टोरहेया आणि रोआन येथे १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ही दक्षिण सामी पशुपालकांची हिवाळी कुरणे. प्रकरण न्यायालयात गेले. अपील न्यायालयाने कुरणाचे नुकसान मान्य केले आणि दोन्ही पशुपालक गटांना मिळून सुमारे ९ कोटी क्रोनरची भरपाई ठरवली. ही रक्कम ज्या गृहीतावर काढली ते असे: जनावरे हिवाळ्यात कुंपणात ठेवावीत, त्यांना चारा घालावा आणि त्याचा खर्च पैशांनी भरून द्यावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने एकमताने ठरवले, की हे परवाने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ नुसार सामींना असलेल्या सांस्कृतिक हक्काचा भंग करतात आणि म्हणून अवैध आहेत. कुंपणातल्या हिवाळी खाद्याचा तोडगा न्यायालयाने धरला नाही. तो पारंपरिक, भटक्या पशुपालनापासून फार दूर जाणारा आहे आणि त्याचे परिणाम अनिश्चित आहेत, असे त्याचे म्हणणे पडले.

न्यायालयाने हा निर्णय संस्कृतीच्या हक्कावर दिला, आणि तो योग्यच आहे. परंतु माझ्या दृष्टीने त्या तोडग्यावर दुसरा, तितकाच ठोस आक्षेप पशुवैद्यकाचा आहे. कुंपणात घालून चारा देण्याचा खर्च काढताना पेंडीचा भाव धरता येतो, मजुरी धरता येते, कुंपणाची तार धरता येते. पण दडलेला विषाणू जागा होऊन पहिल्या हिवाळ्यात किती वासरांचे डोळे जातील, त्यांच्या औषधोपचाराचे काय, ती पुढे मोठी होऊन व्यायली असती त्याचे काय, हे त्या हिशेबात कसे बसवायचे? जी हानी दर वर्षी वेगळी असते आणि एखाद्या वाईट वर्षी अनेक पटींनी वाढते, ती एकरकमी भरपाईत मावत नाही. निकालानंतरही पाती फिरत राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयाची दारे अडवली, आणि पुढे डिसेंबर २०२३ व मार्च २०२४ मध्ये दोन गटांशी करार झाले. त्या वाटाघाटींत पैशांबरोबर जादा हिवाळी कुरणाचाही विषय आला. कुरणाची भरपाई कुरणाने करण्याचा विचार इतक्या उशिरा का होईना पुढे आला, हे मला आशादायक वाटते.

एवढ्या पार्श्वभूमीवर पशुपालकांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याकडे पाहावे. चारा मोठ्या क्षेत्रावर पसरून टाका, गव्हाणी स्वच्छ ठेवा, वाड्याची जागा बदलत राहा, आजारी जनावर लगेच वेगळे करा, खाद्य हळूहळू बदला म्हणजे पोटातले उपयुक्त सूक्ष्मजीव रुळतील. यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे, आणि तो देणारे पशुवैद्य तळमळीने देतात. पण चारा पसरून टाकायला जागा लागते, वाडा बदलायला दुसरी जागा लागते, आजारी जनावरे वेगळी ठेवायला तिसरी जागा लागते. ज्याच्याकडे एवढी जागा आहे, त्याला मुळात गव्हाणीची गरज कमी असते. सल्ला पाळता न आल्याचा ठपका मात्र पशुपालकावर येतो. आजार झाला म्हणजे याने जनावरे नीट सांभाळली नाहीत, अशी प्रतिमा त्यातून तयार होते, आणि ज्या समाजाला शतकभर ‘तुमचे कळप जास्त आहेत, तुमची पद्धत जुनी आहे’ असेच ऐकवले गेले, त्याला हे नव्याने ऐकावे लागते. मला हा अन्याय वाटतो, आणि त्यातून आजार लपवण्याची वृत्ती वाढण्याचा धोकाही दिसतो. साथीच्या रोगात लपवालपवीइतके घातक काहीच नाही.

उपचाराची बाजूही अशीच अवघड आहे. लवकर दिसलेल्या आजारावर दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतात, डोळ्यात मलम घालतात. त्याने जिवाणूंचा भर ओसरतो, विषाणूवर मात्र परिणाम होत नाही. मलम पुन्हा पुन्हा घालायचे, तर अर्धवट रानटी जनावराला पुन्हा पुन्हा पकडावे लागते, म्हणजे पुन्हा ताण आला, आणि ताण हेच तर विषाणूचे आमंत्रण. शिवाय प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे मांस ठरावीक काळ विकता येत नाही. जवळचा पशुवैद्य शंभर-दीडशे किलोमीटरवर असतो आणि बाहेर शून्याखाली तीस अंश तापमान असते. अशा वेळी अनेक पशुपालक गंभीर आजारी जनावर कापण्याचा निर्णय घेतात. तो क्रूर नसतो. वेदनेने तळमळणाऱ्या आंधळ्या जनावरासाठी बऱ्याचदा तोच दयेचा असतो.

लस अजून बाजारात नाही. त्यामागे विज्ञानाची अडचण आहेच, कारण दडून बसणाऱ्या विषाणूवर पूर्ण संरक्षण देणे कठीण असते. पण अर्थकारणाची अडचणही तितकीच आहे. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड मिळून रेनडिअरांची संख्या सहा-सात लाखांच्या आसपास आहे. एवढ्या लहान बाजारपेठेसाठी कोणतीही औषध कंपनी आपणहून लस काढणार नाही. हे काम सरकारांनीच करायचे आहे, आणि तिन्ही देशांना ते अशक्य नाही. याच कुळातल्या गुरांच्या विषाणूचे आपल्या गोठ्यांतून उच्चाटन करण्याची कामगिरी या तिन्ही देशांनी १९९० च्या दशकात पार पाडली आहे. दुधाळ गाईसाठी दाखवलेली चिकाटी रेनडिअरच्या वाट्याला का येऊ नये, हे मला विचारावेसे वाटते. राज्यसंस्थेने मनावर घेतले तर काय होते, हे आपण महाराष्ट्रात २०२२ साली पाहिले. लंपीची साथ आली तेव्हा त्या रोगाची स्वतःची लस हाताशी नव्हती. शेळ्यांच्या देवीची, म्हणजे जवळच्या विषाणूची लस मोफत टोचली गेली, आणि मृत दुभत्या जनावरामागे ३० हजार रुपयांची मदत दिली गेली. त्या व्यवस्थेतही उणिवा होत्या, पण आजार हा एकट्या पशुपालकाचा नव्हे, हे तिने मान्य केले. तेव्हाही आपल्या रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळांकडे तेवढे लक्ष कधी गेले नाही, ही आठवण इथे ठेवायलाच हवी. ज्याचे जनावर गोठ्यात बांधलेले नाही, तो सरकारी नजरेतून सगळीकडेच लवकर निसटतो.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ माळ आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. अशा वर्षांत परिषदा होतात, घोषणा होतात. मला त्यातून एकच नेमकी गोष्ट व्हावीशी वाटते. कुरणावर खाण, पवनचक्की, वीजवाहिनी किंवा वृक्षतोड यांना परवाना देताना ज्या ज्या ठिकाणी ‘पशुपालकांनी हिवाळ्यात चारा घालावा’ असा पर्याय मांडला जातो, तिथे तो पर्याय आरोग्याच्या हिशेबासह मांडणे बंधनकारक व्हावे. वाड्यात दाटीने उभ्या राहणाऱ्या कळपात डोळ्यांचा, तोंडाचा आणि खुरांचा आजार किती वाढू शकतो, त्यासाठी किती दिवस पशुवैद्य लागेल, किती वासरे दगावू शकतील, आणि वाईट वर्षी हा आकडा कुठे जाईल, हे सगळे प्रकल्पाच्या खर्चात धरले जावे आणि ते प्रकल्प करणाऱ्याने भरावे. हा हिशेब प्रामाणिकपणे केला, तर अनेक ठिकाणी कुरण शाबूत ठेवणेच स्वस्त ठरेल, असा माझा अंदाज आहे.

हा हिशेब मांडायला आज पुरेशी आकडेवारी मिळत नाही, हेही खरे. दूरच्या डोंगरावर मेलेले वासरू सापडतच नाही. सापडले तर गिधाडवृत्तीच्या प्राण्यांनी आणि पक्ष्यांनी त्याचे डोळे आधीच खाल्लेले असतात, आणि मृत्यू उपासमारीचा, शिकारी प्राण्याचा की आंधळेपणाचा, हे सांगता येत नाही. म्हणून तिन्ही देशांनी या आजाराची एक समान नोंदवही ठेवावी. कळप सीमेच्या आसपास चरतात, विषाणूला पासपोर्ट लागत नाही, आणि तीन देशांच्या तीन वेगळ्या नोंदींतून काहीच निष्पन्न होत नाही. ती नोंद ठेवण्यासाठी पशुपालकाला पैसे द्यावेत आणि त्याच्या निरीक्षणाला पुराव्याचा दर्जा द्यावा, कारण प्रयोगशाळेत नमुना पोहोचण्याच्या कितीतरी दिवस आधी, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, वासराच्या गालावरचा तो तपकिरी ओघळ त्यालाच दिसलेला असतो.